बूम लिफ्टचा भोंगा : दोष कलमापकाचा कीं जमिनीचा ?

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा. वणी, पांढरकवडा, राळेगांव, दारव्हा, उमरखेड या बाजूंस जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि रुई-सरकीचीं गोदामें आहेत. त्यांचीं छपरें पत्र्याचीं व बरींच उंच असतात. त्यांची डागडुजी हंगाम आटोपल्यावर आणि मृग लागण्यापूर्वीं उरकून घ्यावी लागते. पूर्वीं या कामास बांबूची परांची बांधीत. आतां तिच्या जागीं भाड्यानें आणलेली बूम लिफ्ट उभी केलेली दिसूं लागली आहे. छपरावर सौरपट्ट्या बसविण्यासही तिचा उपयोग होतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण अशा संस्थांचे सभासद आहेत, कित्येक तर त्यांच्या कमिटीवरही आहेत. यंत्राचें भाडें दिवसावर चाललें असतां मध्येंच भोंगा वाजतो, दांडा हलेनासा होतो. ऑपरेटर म्हणतो, सेन्सर बिघडला. आणि कमिटीचा मनुष्य म्हणतो, कसेंही करा पण आजचें काम आज होऊं द्या. अशा वेळीं निर्णय कशाच्या आधारें करावा, हें सांगण्याचें येथें योजिलें आहे. ज्या सेन्सरवरून हा वाद होतो त्यास टिल्ट सेन्सर म्हणतात. आपण त्यास कलमापक म्हणूं.

बूम लिफ्ट म्हणजे चार चाकांची जड चासी, तिच्यावर चोहोंकडे फिरणारी बैठक, बैठकीवर लांब-आंखूड होणारा लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोंकास माणसें उभीं राहण्याचा पाळणा. साहेब लोक अशा यंत्रास अजूनही ‘चेरी पिकर’ म्हणतात, कारण आरंभीं असलीं यंत्रें फळबागांत उंच झाडांवरचीं फळें उतरविण्यास वापरीत. तेव्हां शेतीशीं त्यांचें नातें जुनेंच आहे. पुढें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत जॉन ग्रोव्ह यांनीं १९६९ सालीं कारखाना काढिला, १९७० सालीं त्यांची पहिली लिफ्ट विकली गेली, आणि मग बांधकामाच्या जागेवर हें यंत्र रूढ झालें. साठ फुटी वर्गाच्या लिफ्टचें वजन सुमारें १० टन असतें. एवढें वजन कशासाठीं, तर दूरवर पसरलेल्या दांड्याचा तोल खालीं सांवरला जावा म्हणून. परंतु हा तोल चासी सपाट उभी आहे असें धरून बेतलेला असतो. चासी एका अंगास कलली, कीं तो हिशेब तितका चुकला.

किती चुकला हें पाहूं. पाळणा २० मीटर उंचीवर आहे आणि चासी ५ अंशांनीं कलली आहे असें समजा. वरचा पाळणा १.७४ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर, बाजूस सरकतो. आणि त्याच्याबरोबर दांड्याचा भारही सरकतो. उलट खालीं पाहिलें, तर दोन चाकांमध्यें २.४० मीटर अंतर असतां त्याच ५ अंशांस एक चाक दुसऱ्याहून अवघें २१ सेंटिमीटर खालीं असतें. काळ्या जमिनींत एक वीत खोल चाक रुतणें आपणांस नवें नाहीं. बैलगाडी रुतली तर आपण जूं सोडतों आणि चाकास खांदा देतों. येथें मात्र त्या चाकाच्या वर वीस मीटरांवर माणूस उभा असतो.

म्हणून कलमापक ठेवलेला आहे. तो बहुधा फिरत्या बैठकीवर, कांहीं यंत्रांत चासीवर, घट्ट बसविलेला असतो. जुन्या यंत्रांत पारा किंवा लोंबतें वजन असलेला सांचा असे. आतांच्या सेन्सरमध्यें सिलिकॉनची, डोळ्यांस न दिसणारी, अतिसूक्ष्म वजनें सूक्ष्म कमानींवर टांगलेलीं असतात. यंत्र कललें कीं गुरुत्वानें तीं किंचित् सरकतात आणि तेवढ्यानें विजेच्या मापांत फरक पडतो. आपल्या खिशांतील मोबाइल आडवा केला असतां त्यावरचें चित्र आडवें होतें, तें याच जातीच्या वस्तूमुळें. म्हणजे मूळांत हा गवंड्याचा ओळंबाच आहे, फक्त दोऱ्याऐवजीं विजेची खूण देणारा. कलाची मर्यादा प्रत्येक यंत्राच्या पुस्तकांत व अंगावरील पाटीवर दिलेली असते. पुष्कळ यंत्रांत ती ५ अंश किंवा त्याहून कमी असते. मर्यादा ओलांडली कीं भोंगा वाजतो. आणि नव्या यंत्रांत तेवढ्यावर न थांबतां दांडा वर नेणें व गाडी चालविणें हीं बंद होतात. अमेरिकेंत २०२० पासून लागू झालेल्या नियमांनीं नव्या यंत्रांत ही अटकाव करण्याची सोय आवश्यक केली आहे. नुसत्या भोंग्याकडे लोक दुर्लक्ष करितात, हेंच त्याचें कारण असावें.

ओळंब्याचा हा गुण लक्षांत घेतला म्हणजे त्याचा एक स्वाभाविक दोषही ध्यानीं येतो. चालत्या गाडींत टांगलेला ओळंबा धक्क्यासरशी हेलकावतो. कलमापकासही धक्का आणि कल यांतला भेद आपण होऊन कळत नाहीं. यासाठीं कंट्रोलर कांहीं क्षणांची सरासरी घेऊन मग भोंगा वाजवितो. तेव्हां खड्ड्यांतून जातांना क्षणभर वाजून बंद पडलेला भोंगा हा बिघाड नव्हे. यंत्र स्तब्ध उभें असतां जो वाजत राहतो, त्याचाच विचार करावयाचा.

आतां मुख्य प्रश्न. भोंगा वाजला म्हणजे दोनच शक्यता: यंत्र खरोखर कललें आहे, किंवा कललें नसतां कलमापक तसें सांगत आहे. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, सेन्सरशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा दुसऱ्या मापानें जमीन पाहिल्यावांचून सेन्सरला दोषी ठरविण्याचा अधिकार कोणासही नाहीं. न ऑपरेटरास, न मालकाच्या मिस्त्रीस, न कमिटीच्या अध्यक्षास. आणि हें दुसरें माप गांवांतल्या कोणत्याही गवंड्याजवळ असतें.

पहिलें माप पाण्याच्या नळीचें. पारदर्शक नळी पाण्यानें भरून, आंत हवेचा बुडबुडा राहूं न देतां, तिचीं दोन टोंकें डाव्या-उजव्या चाकांच्या आंसाच्या मध्याजवळ धरावीं. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी राहते. तिच्यापासून आंसाचें मध्य किती वर किंवा खालीं आहे तें टेपनें मोजावें. तसेंच पुढल्या-मागल्या चाकांचें करावें. दुसरें माप ओळंब्याचें: कोणत्याही उभ्या, सरळ कडेजवळ एक मीटर लांबीचा ओळंबा सोडला, तर प्रत्येक अंशास दोरी सुमारें पावणेदोन सेंटिमीटर बाजूस जाते. एवढा एक आंकडा पाठ असला कीं कोष्टकाची गरज पडत नाहीं. ३ अंशांस सव्वापांच सेंटिमीटर, ५ अंशांस पावणेनऊ. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलींत बुडवून ठेवावा, म्हणजे तो लौकर स्थिर होतो. मोबाइलवरची पातळी दाखविणारी सोयही कामास येते, पण तीस एकट्या साक्षीदाराइतकीच किंमत द्यावी.

ज्या यंत्रांच्या पडद्यावर कल अंशांत दिसतो, त्यांत याहून सुरेख परीक्षा करितां येते. पाणसळ खरी आहे कीं नाहीं हें गवंडी कसें पाहतो ? ती एका जागीं ठेवून बुडबुडा पाहतो, मग त्याच जागीं टोंकाची अदलाबदल करून पुन्हां पाहतो. दोष भिंतीचा असेल तर बुडबुडा भिंतीच्या उंच अंगास कायम राहतो. दोष पाणसळीचा असेल तर तो पाणसळीबरोबर फिरतो. हीच युक्ति येथें लावावयाची. दांडा पूर्ण खालीं व आंखडलेला असावा, पाळण्यांत कोणी नसावें, यंत्र शक्य तितक्या पक्क्या ओट्यावर असावें. पडद्यावरचा आंकडा त्याच्या अधिक-उणे चिन्हासह लिहून घ्यावा. मग बैठक अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवून दुसरा आंकडा घ्यावा. जमिनीचा कल असेल तर चिन्ह उलटतें. कलमापकाची चूक मात्र बैठकीबरोबर फिरते म्हणून तिचें चिन्ह तेंच राहतें. दोन्ही आंकड्यांची चिन्हांसह बेरीज करून निम्मी केली कीं सेन्सरची चूक मिळते. वजाबाकी करून निम्मी केली कीं जमिनीचा खरा कल मिळतो.

उदाहरणार्थ, पहिल्यानें अधिक ३.४ आणि फेऱ्यानंतर उणे १.८ आलें. बेरीज १.६, तिचें निम्में ०.८, वजाबाकी ५.२, तिचें निम्में २.६. जमीन २.६ अंश कललेली आहे आणि सेन्सर ०.८ अंश फाजील सांगतो. मर्यादा ३ अंशांची असेल तर हा भोंगा सेन्सरच्या चुकीचा. पण अधिक ३.४ नंतर उणे ३.२ आलें, तर चूक अवघी ०.१ आणि जमीन ३.३ अंश कललेली. येथें सेन्सरनें आपलें काम चोख केलें आहे. पडद्यावर दोन आडव्या दिशांचे दोन आंकडे येत असल्यास प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा. कलमापक चासीवर बसविलेला असेल तर बैठक फिरवून कांहीं कळणार नाहीं. तेव्हां चाकांच्या जागीं चुन्याच्या खुणा करून सारें यंत्रच उलट तोंडानें त्याच खुणांवर आणावें लागतें.

एक बारकावा सांगून ठेवितों. बैठक ज्या मोठ्या बेअरिंगवर फिरते, तें झिजलें किंवा त्याचे बोल्ट ढिले झाले, तर बैठक नेहमीं भाराच्याच अंगास झुकते. वरील परीक्षेंत हें झुकणें सेन्सरच्या चुकीसारखेंच दिसतें. म्हणून सेन्सर घट्ट बसविलेला आहे, नवा आहे, तरीही तीच चूक येत असेल, तर सेन्सर बदलीत बसूं नये. बेअरिंग तपासून घ्यावें. तो दोष सेन्सरच्या दोषाहून पुष्कळ भयंकर आहे.

आमच्या जिल्ह्यांत मात्र आरंभ जमिनीपासूनच करावा. दख्खनच्या काळ्या खडकाच्या झिजेपासून झालेली ही माती ओल लागली कीं फुगते व सुकली कीं आक्रसते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, त्यांत काठी सहज जाते. वैशाखांत वरचा पापुद्रा दगडासारखा वाजतो, आणि लोक म्हणतात, येथें रस्त्याचा रोलरही उभा राहील. परंतु दांडा ज्या कोंपऱ्यावर येतो त्या एका चाकावर यंत्राचा जवळजवळ निम्मा भार येऊं शकतो. खालीं भेग, बुजविलेली पाइपाची चारी किंवा जुनें खत-खड्ड्याचें भरण असेल तर तें चाक हळूहळू बसत जातें. वळवाची एक सर येऊन गेल्यावर तर विचारावयासच नको. यंत्र उभें केल्यावर दर अर्ध्या तासानें आंकडा लिहून ठेवला, आणि तो सकाळीं १, मग दीड, मग सव्वादोन असा एकाच दिशेनें चढत गेला, तर नळीनें मोजण्यापूर्वींच समजावें कीं माती खचत आहे. बिघडलेल्या सेन्सरचा आंकडा उड्या मारतो किंवा गोठतो. असा शहाण्यासारखा चढत नाहीं. उपाय आपणांस ठाऊक असलेलाच आहे: जागा आधीं सब्बल ठोकून पाहणें, वर मुरूम दाबून घेणें, चाकांखालीं जाड लोखंडी प्लेटा घालणें. जिनिंगच्या पक्क्या ओट्यासही पाणी वाहून जाण्यासाठीं उतार दिलेला असतो. ६० स १ असा उतार म्हणजे जवळजवळ १ अंश झालाच, तो हिशेबांत धरावा.

जमीन पक्की असूनही यंत्र खरेंच कललें असतें, असें दोन प्रकारांनीं होतें. एका बाजूच्या टायरांत हवा कमी असून तीं ५ सेंटिमीटर दबलीं, तर सुमारें १.२ अंश तेथेंच गेले. दुसरें, पुष्कळ यंत्रांत एक आंस झुलता असतो. दांडा वर गेला कीं तो तेलाच्या दाबानें जखडला जातो. त्या जखडणाऱ्या सिलिंडरांतून तेल गळत असेल तर दांडा वर असतांना चासी मिनिटांमिनिटांनीं झुकत जाते. ऑपरेटर सेन्सरला शिव्या देतो. दोष सिलिंडरचा असतो.

एवढें सर्व निर्दोष ठरलें म्हणजे मग सेन्सरकडे वळावें. दोष कोठें आहे तें आंकड्याच्या वागणुकीवरून बरेंच कळतें. आंकडा नेहमीं सारख्याच अंतरानें चुकत असेल, तर सेन्सरचा पाया हलला, बोल्ट ढिला झाला, खालीं गंज किंवा माती अडकली, अथवा शून्य चुकीचें धरलें गेलें. यंत्र कललें तरी आंकडा हलतच नसेल, तर सेन्सर मेला. आंकडा उड्या मारीत असेल, तर तार किंवा कनेक्टर. बैठक ठराविक जागीं आली म्हणजेच उडी मारीत असेल, तर बैठकीच्या मध्यांतून जाणारी तार तेथें ताणली किंवा सोलली गेली आहे. इंजिन चालूं असतांनाच दोष येत असेल तर थरथर किंवा विजेचा कमी दाब. इंजिन बंद करून, मग मल्टीमीटर लावून पाहावें. धुतल्यावर किंवा पावसानंतर येऊन उन्हानें जात असेल तर कनेक्टरांत पाणी. जिनिंगच्या आवारांत रुईचे तंतू सर्वत्र बसतात, ओल धरून ठेवतात, आणि सरकीच्या वासानें आलेले उंदीर तारांची सालें खातात. परदेशांत छापलेल्या पुस्तकांत हीं कारणें सांपडणार नाहींत, पण येथें तीं आधीं पाहावीं.

मिस्त्री मल्टीमीटर घेऊन बसला म्हणजे काय पाहतो तेंही सभासदांस ठाऊक असावें. पुष्कळ साध्या कलमापकांस कंट्रोलरकडून ५ व्होल्ट मिळतात, आणि सपाट असतां ते सुमारें २.५ व्होल्ट परत देतात. एका अंगास कललें कीं हा आंकडा वाढतो, दुसऱ्या अंगास कललें कीं उतरतो. परत येणारा आंकडा थेट शून्य किंवा थेट ५ असेल तर बहुधा तार तुटली किंवा चिकटली आहे. कांहीं कलमापक व्होल्टांऐवजीं दोन तारांच्या सामाईक वाहिनीवर आंकडे पाठवितात. वीज बंद करून त्या दोन तारांमधील रोध मोजला असतां तो ६० ओहमच्या जवळ यावा, कारण वाहिनीच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. १२० आला तर एक टोंक तुटलें आहे. पुष्कळ यंत्रांत एकाच डबींत दोन कलमापक असतात. त्यांचे आंकडे जुळले नाहींत तर कंट्रोलर दोघांवरही विश्वास ठेवीत नाहीं व काम थांबवितो. ही त्याची हट्टी खोड नव्हे, सावधगिरी आहे.

सेन्सर बदलल्यावर नवें शून्य शिकवावें लागतें. हें काम मालकाच्या जाणत्या मिस्त्रीचें; पण त्या वेळीं यंत्र कशावर उभें आहे हें कमिटीच्या मनुष्यानें जातीनें पाहावें. दीड अंश उतरत्या जागेवर शून्य धरलें, तर यंत्र त्या उतारासच सपाट समजतें. मग उलट अंगास भोंगा फुकट वाजतो, आणि उताराच्या अंगास, जेथें वाजावयास हवा तेथें, दीड अंश उशिरां वाजतो. आधीं नळीनें पातळी, मग शून्य, मग अर्ध्या फेऱ्याची परीक्षा, असा क्रम मिस्त्रीकडून पाळून घ्यावा.

तार काढून टांका मारणें, सेन्सर सोडवून सपाट फळीवर बांधून ठेवणें, खालीं वॉशर घालून त्यास हवा तसा ‘सरळ’ करणें, या युक्त्या जेथें तेथें माहीत आहेत. ज्या यंत्रावर असा जुगाड दिसेल तें आवारांत उभेंसुद्धां करूं देऊं नये. सेन्सर खोटा बोलत असल्याचें सिद्ध झालें असलें तरी त्याला मुका करून काम चालविणें निराळें. खोटें बोलणाऱ्या राखणदारास काढून टाकल्यानें चोर येण्याचे थांबत नाहींत.

आणि परीक्षा करण्यापूर्वीं वरचा माणूस खालीं आणला पाहिजे. भोंगा वाजला असतां पाळणा उंच असेल, तर क्रम दिशेवर अवलंबून असतो. पाळणा चढाच्या अंगास असेल तर दांडा आधीं खालीं घ्यावा, मग आंखडावा. पाळणा उताराच्या अंगास असेल तर आधीं आंखडावा, मग खालीं घ्यावा. कारण लांबलेला दांडा तसाच खालीं आणला तर तो उताराकडे अधिकच पसरतो आणि यंत्रास आपल्यामागें ओढतो. खालीं येतांना बैठक फिरवूं नये. यंत्राच्या पुस्तकांत याहून निराळें सांगितलें असेल तर पुस्तक प्रमाण. हा क्रम ऑपरेटरास काम सुरू होण्यापूर्वीं तोंडीं विचारावा. जो अडखळेल त्यास पाळण्यांत चढूं देऊं नये.

राहिली नोंद. यंत्र आवारांत आल्याबरोबर, काम सुरू होण्याआधीं, पक्क्या ओट्यावर अर्ध्या फेऱ्याचे दोन आंकडे आणि नळीचें माप घेऊन तें भाड्याच्या पावतीवर तारीख, वेळ व यंत्राच्या क्रमांकासह लिहावें, आणि त्यावर ऑपरेटरची सही घ्यावी. ओट्यावर चाकांच्या जागा रंगानें आंखून ठेवाव्या. दुरुस्तीसाठीं गेलेलें यंत्र परत आलें म्हणजे चाकें त्याच खुणांवर आणून तेच आंकडे पुन्हां घ्यावे, आणि पहिल्या ओळीखालीं लिहावे.